फोटोत खोली आणायची कशी? आधी पाय, मग लेन्स

एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून बघा. दोरा नेढ्याच्या अलीकडून जातो, नाहीतर पलीकडून. हाताला अंदाजच येत नाही. दोन्ही डोळे उघडले की दोरा सरळ आत. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर अंतर असतं. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. शिवाय आपण डोकं जरा हलवलं की जवळच्या वस्तू सरकतात, लांबच्या जागेवर राहतात. त्यावरूनही अंतर कळतं. कॅमेऱ्याला डोळा एकच, आणि फोटो तर हलतही नाही. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यासमोर उभं राहिलं की पोटात गोळा येतो, पण घरी येऊन फोटो उघडला की राखाडी-हिरवा पडदा टांगल्यासारखं दिसतं, ते यामुळेच.

पण एक डोळा मिटूनही तुम्ही रस्ता ओलांडू शकता. कारण अंतराच्या आणखी खुणा आपल्याला दिसत असतात. एक वस्तू दुसरीला झाकते, तेव्हा झाकणारी पुढे असते. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. रस्त्याच्या दोन कडा लांब जाऊन एकमेकींना भेटतात. पायाजवळची खडी एकेक दिसते, पुढे ती नुसती करडी होते. लांबचा डोंगर फिका, निळसर दिसतो. फोटो काढणाऱ्याच्या हाती भांडवल एवढंच आहे. लेन्स या खुणा ठळक करू शकते किंवा पुसू शकते, आणि कुठली लेन्स काय करते हे एकदा हाताला कळलं की फोटोत खोली, म्हणजे पुढच्या-मागच्या अंतराची जाणीव, आपोआप यायला लागते.

खालचे प्रयोग वाचून सोडू नका, करून बघा. १८–५५ ची साधी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी, पुरते. हे आकडे म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ: आकडा लहान तर लेन्समध्ये जास्त जागा मावते (वाइड), मोठा तर थोडीच जागा मोठी होऊन दिसते (टेली). मी दिलेले आकडे एपीएस-सी, म्हणजे आपण ज्याला क्रॉप सेन्सर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) म्हणतो, त्या कॅमेऱ्यांसाठी आहेत, कारण शिकणाऱ्यांकडे बहुतेक तेच असतात.

पायरी १: झूमला हात लावण्याआधी चाला

एका मोकळ्या मैदानावर जा. बरोबर कुणीतरी हवं. त्या व्यक्तीच्या मागे साधारण २० मीटरवर विजेचा खांब, झाड किंवा देवळाचं शिखर असू द्या.

लेन्स १८ वर ठेवा आणि व्यक्तीपासून एक मीटरवर उभे राहून फोटो काढा. आता लेन्स ५५ वर न्या आणि तीन मीटरवर मागे या, म्हणजे चेहरा फ्रेममध्ये पहिल्याएवढाच दिसेल. पुन्हा फोटो काढा.

दोन्ही फोटो शेजारी ठेवा. चेहरा तेवढाच, पण दुसऱ्या फोटोत खांब पावणेतीनपट मोठा झालेला दिसेल. खांब तर जागचा हलला नाही. पहिल्या वेळी तो तुमच्यापासून २१ मीटरवर होता आणि माणूस एक मीटरवर, म्हणजे एकवीसपट लांब. दुसऱ्या वेळी खांब २३ मीटरवर आणि माणूस तीन मीटरवर, म्हणजे आठपटही नाही. अंतरांचं प्रमाण बदललं, म्हणून आकारांचं प्रमाण बदललं. हा सगळा खेळ तुमच्या पायांनी केला.

पटत नसेल तर तिसरा फोटो काढा. तीन मीटरवरच उभे राहा, लेन्स परत १८ वर आणा, क्लिक करा. घरी तो फोटो कॉम्प्युटरवर कापून ५५ च्या फोटोएवढा करा. बारकावे कमी दिसतील, पण खांब आणि माणूस यांचं प्रमाण तंतोतंत तेच असेल.

मला वाटतं, नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यातच हा प्रयोग करावा. ‘वाइड लेन्स मागचं लांब ढकलते, टेली लेन्स मागचं पुढे ओढते’ असं सगळेच म्हणतात. बोलायला ते सोपं आहे, पण तसं समजून चाललं की माणूस एका जागी उभा राहून झूम फिरवत बसतो आणि फोटो बदलत का नाहीत याचा विचार करत राहतो. वाइड लेन्स तुम्हाला जवळ जायला लावते, टेली मागे सरकायला लावते. फरक त्या चालण्यातून येतो.

सेल्फीत नाक मोठं का दिसतं, तेही इथेच सुटतं. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटिमीटर अंतर धरा. फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४० टक्के फुगलेलं. तोच फोटो दीड मीटरवरून कुणी काढून दिला तर हा फरक ८ टक्क्यांवर येतो. आपल्या चेहऱ्याबद्दल विनाकारण वाईट वाटून घेणारी कितीतरी मुलं-मुली असतात. त्यांना दीड मीटरवरून फोटो काढून दाखवा.

पायरी २: वाइड लेन्सला जवळचं काहीतरी द्या

१८ किंवा त्याहून वाइड लेन्स घेऊन डोंगरावर गेलं की पहिला मोह ‘सगळं मावतंय’ हा असतो. सगळं मावतं, आणि सगळंच बारीक होतं. वाइड लेन्सची ताकद लांबचं मावण्यात कमी आणि जवळचं मोठं करण्यात जास्त आहे. अर्धा मीटर आणि पाचशे मीटर एकाच फ्रेममध्ये आले की नजर आपसूक पुढून मागे चालत जाते.

कोकणकड्यावर हे असं करा. कड्याच्या टोकाला जाऊ नका, त्याने धोका वाढतो आणि फोटोही बिघडतो. टोकावरून खाली कॅमेरा रोखला की फ्रेममध्ये फक्त लांबचं उरतं, जवळचं काहीच नाही. चार-पाच पावलं मागे या, गुडघ्यावर बसा, पायाजवळचा कातळ खालच्या कोपऱ्यात घ्या. त्या कातळाची कड कुठे जाते ते बघा. कोकणकड्याची कड अर्धवर्तुळात वळत जाते, ती वळणारी रेषाच तुमच्या नजरेला दरीकडे नेते. सोबतच्या कुणाला कडेपासून सुरक्षित अंतरावर बसवा. माणसाची उंची सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे त्याच्या मापाने दरी मोजली जाते.

फुलांसाठी काहीजण कास पठारावर जातात आणि उभ्याने फोटो काढतात. मग तेरडा म्हणजे गुलाबी रंगाचा डाग होतो, एवढंच. खाली बसा. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली न्या. वाटेच्या कडेचा सीतेच्या आसवांचा किंवा सोनकीचा एक झुपका निवडा आणि त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर लेन्स आणा. मागे तोच रंग लहान लहान होत क्षितिजापर्यंत जाईल. झुपका कडेचाच घ्या, चांगल्या फ्रेमसाठी फुलं तुडवत आत शिरणं योग्य नाही.

कॅमेरा किती उंचीवर आहे याने फार मोठा फरक पडतो आणि नवखे लोक तिकडे सर्वात कमी लक्ष देतात. खूप खाली गेलात तर मधली जमीन चेपून नाहीशी होते, पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटतं. उभ्याने काढलं तर पुढचं मोठं होत नाही. दर वेळी तीन उंचींवरून काढा: उभ्याने, गुडघ्यावरून आणि जमिनीलगत. दोन महिन्यांत डोळा स्वतःच उंची सांगायला लागतो.

एक सावधगिरी. वाइड लेन्सच्या कडेला आलेली माणसं ताणली जातात. घरातल्या समारंभात १८ वर ग्रुप फोटो काढताना आत्याला टोकाला उभं करू नका, ती आहे त्यापेक्षा जाड दिसेल आणि तिला ते आवडणार नाही. दोन पावलं मागे या, २८ किंवा ३५ वर काढा.

पायरी ३: पुढचं आणि मागचं, दोन्ही शार्प हवं असेल तर

कासच्या फुलावर फोकस केला तर डोंगर धूसर, डोंगरावर केला तर फूल धूसर. उपाय दोघांच्या मधे आहे. लेन्सच्या छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात, आणि ‘एफ/’ पुढचा आकडा जितका मोठा, तितकं ते लहान. प्रत्येक फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चरच्या जोडीला एक असं अंतर असतं की तिथे फोकस केलं तर त्या अंतराच्या निम्म्यापासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. त्याला हायपरफोकल अंतर म्हणतात. नाव जड आहे, वापर सोपा.

१८ मिलिमीटरला एफ/८ वर हे अंतर साधारण २ मीटर आहे. २ मीटरवर फोकस करा, १ मीटरपासून पुढचं सगळं शार्प. फूल अर्ध्या मीटरवर असेल तर एवढ्याने भागत नाही. मग एफ/१६ वर जा, तिथे हे अंतर १ मीटर होतं. १ मीटरवरच्या दगडावर फोकस केलं की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत काम झालं. एफ/२२ मात्र टाळा. छिद्र फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडेला पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

एफ/१६ ला शटर मंदावतं, आणि पठारावर वारा असतोच. फूल हलतं. शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बेलाशक वाढवा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेलं फूल चालत नाही.

पायरी ४: टेली लेन्स आणि डोंगरांचे थर

राजगडाच्या सुवेळा माचीला जे नेढं आहे, तो शब्द सुईच्या नेढ्याचाच. खडकाला आरपार पडलेलं भोक. ही माची पूर्वेला पसरली आहे, म्हणून सकाळच्या फोटोंसाठी हिच्यासारखी जागा नाही. सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास तिथे पोचा आणि २०० मिलिमीटरची लेन्स लावून पूर्वेला बघा. पुढे काळपट धार, तिच्यामागे जरा फिकी, तिच्यामागे आणखी फिकी, आणि सुमारे ३० किलोमीटरवर पुरंदर-वज्रगडाची जोडी, आभाळाच्या रंगापेक्षा किंचितच गडद.

इथे खोली कुठून आली? रेषा कुठेच भेटत नाहीत, पुढचं-मागचं आकाराने फारसं वेगळं नाही. खोली हवेतून आली. तुमच्या आणि डोंगराच्या मधे जितकी जास्त हवा, तितका जास्त विखुरलेला प्रकाश त्या डोंगरावर चढतो आणि तो फिका होत जातो. सूर्य समोर असेल तेव्हा हे सगळ्यात ठळक दिसतं. टेली लेन्सने फक्त एवढं केलं की आजूबाजूचं आभाळ आणि पायाखालचा कातळ काढून टाकला आणि थर भरून दाखवले. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) थोडं कमी ठेवा, म्हणजे आभाळ पांढरं पडणार नाही आणि पुढची धार खरंच काळी होईल. नंतर एडिटिंग करताना ‘डीहेझ’ची पट्टी मात्र ओढू नका. धुकं पुसलं की थर गेले, थर गेले की अंतर गेलं.

टेलीची दुसरी बाजूही बघा. दिवे घाटातून माउलींची पालखी चढत असताना वरच्या वळणावरून २०० वर फोटो काढला तर रस्त्याची वळणं एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात आणि माणसांच्या मधे जागाच उरत नाही. एक पताका तुमच्यापासून १०० मीटरवर आणि दुसरी १२० मीटरवर असेल तर त्यांच्या आकारात २० टक्क्यांचाच फरक दिसतो. खाली उतरून पहिल्या पताकेपासून ५ मीटरवर गेलात तर दुसरी २५ मीटरवर राहते आणि फरक पाचपट होतो. पहिला फोटो गर्दी किती आहे ते सांगतो. दुसऱ्यात तुम्ही गर्दीत असता, पुढे एकाचे टाळ, त्यामागे तुळशी-वृंदावन डोक्यावर घेतलेली बाई, त्यामागे घाट. माझं मन दुसऱ्या फोटोकडे ओढ घेतं, पण वारीचा आवाका दाखवायचा असेल तर पहिल्याला पर्याय नाही. एका दिवसात दोन्ही काढा.

पायरी ५: अ‍ॅपर्चर, आणि दहा रुपयांचं नाणं

बहुतेकांना कॅमेरा घ्यावासा वाटतो तो मागचं ब्लर करण्यासाठी. त्यामुळे इथे जरा थांबू या, कारण याबद्दल सांगितलं खूप जातं आणि मोजून क्वचितच दाखवलं जातं.

एफ/१.८ या आकड्याचा अर्थ असा: फोकल लेंथला १.८ ने भागा, येईल तो लेन्सच्या छिद्राचा व्यास. ५० भागिले १.८ म्हणजे जवळपास २८ मिलिमीटर. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. म्हणजे फिफ्टी एमएम लेन्स पूर्ण उघडली की तिचं छिद्र दहाच्या नाण्याएवढं.

आता गंमत बघा. दिवाळीत गॅलरीत कुणाला तरी उभं करा. समोर लांबच्या इमारतीवर दिव्यांच्या माळा आहेत. फोकस चेहऱ्यावर. मागचा प्रत्येक दिवा फोटोत गोल ठिपका होतो. त्या ठिपक्याचा आकार केवढा? चेहऱ्याच्या शेजारी दहाचं नाणं धरलं तर फोटोत ते जेवढं दिसेल, बरोबर तेवढा. दिवा खूप लांब असेल तर ठिपका छिद्राच्या मापाचा होतो, असं साधं भूमितीचं गणित आहे. पुढच्या खेपेला खरंच नाणं हातात देऊन फोटो काढा. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की अ‍ॅपर्चर हा विषय पुन्हा पाठ करावा लागत नाही.

याच मापाने बाकीच्या लेन्स तोलता येतात. किट लेन्स ५५ वर एफ/५.६: छिद्र १० मिलिमीटर, शर्टाचं बटण. किट लेन्स १८ वर एफ/३.५: ५ मिलिमीटर, मुगाचा दाणा. २५० मिलिमीटर एफ/५.६: ४५ मिलिमीटर, लिंबू. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर एफ/१.८ लिहिलेलं असतं, पण त्याची खरी फोकल लेंथ ६-७ मिलिमीटरच असते, म्हणून छिद्र ज्वारीच्या दाण्याएवढं. टेलीने मागचं इतकं का विरघळतं आणि मोबाइलने का नाही, ते या धान्यांनीच सांगितलं.

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकारांनी आपल्या गटाला ‘एफ/६४’ हे नाव दिलं, कारण त्यांना पुढून मागपर्यंत सगळं लख्ख हवं होतं. एफ/६४ म्हणजे केवढं तरी बारीक वाटतं. पण ते मोठ्या प्लेटचे कॅमेरे वापरत, त्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स साधी समजली जाई. ३०० भागिले ६४: पावणेपाच मिलिमीटर. पुन्हा मुगाचा दाणाच.

आता व्यवहाराचा भाग. मागची भिंत जवळ असेल तर ठिपका छिद्राएवढा होत नाही, लहान राहतो. किती लहान, तेही काढता येतं. चेहऱ्यापासून भिंतीचं अंतर घ्या आणि त्याला कॅमेऱ्यापासून भिंतीच्या अंतराने भागा. तुम्ही २ मीटरवर, माणूस भिंतीपासून अर्ध्या मीटरवर: अर्धा भागिले अडीच, म्हणजे पाचवा हिस्सा. दहाच्या नाण्याचा मुगाचा दाणा झाला. महागडी लेन्स वाया. माणसाला भिंतीपासून २ मीटर पुढे आणा: निम्मं नाणं. ८ मीटर पुढे आणा: ८० टक्के. म्हणून नवी लेन्स घेण्याआधी माणसाला भिंतीपासून सोडवा. हा एक सल्ला लक्षात राहिला तरी हजारो रुपये वाचतील.

फोकसची पट्टी, म्हणजे शार्प येणारा भाग, किती जाड असते, तेही ठाऊक हवं. फिफ्टी एमएम एफ/१.८ वर १ मीटरवरून काढलं तर जेमतेम ३ सेंटिमीटर. चुलतबहिणीच्या लग्नात मी तिचे सगळे फोटो असेच काढले. डोळे लख्ख आले आणि तिची आजीकडून आलेली मोत्यांची नथ धूसर झाली, कारण नथ डोळ्यांच्या पुढे होती. ते फोटो पुन्हा काढता येणार नव्हते. तेव्हापासून चेहऱ्यासाठी मी एफ/२.८ आणि दीड मीटर असं धरून चालतो. पट्टी १० सेंटिमीटरच्या आसपास मिळते, नथ ते कानातलं त्यात बसतं. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. दोन-तीन ओळींचा ग्रुप असेल तर ३५ मिलिमीटर, एफ/८, ४ मीटर: पावणेतीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत सगळे शार्प.

आणि एक मत, जे मी शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगतो. मागचं पूर्ण विरघळवलं की खोली वाढत नाही, संपते. चेहरा रंगीत कागदावर चिकटवल्यासारखा होतो. खोली दिसायला हवी असेल तर शार्पपासून धूसरपर्यंतचा प्रवास फ्रेममध्ये दिसला पाहिजे. जमीन थोडी येऊ द्या. पायऱ्या, फरशी, ओटा, काहीही जे माणसाच्या पायांपासून मागे जात जात हळूहळू धूसर होतं. मागचं देऊळ एफ/४ वर ओळखू येत असेल तर तिथेच थांबा, एफ/१.८ वर कशाला न्यायचं?

पायरी ६: चौकट आणि उजेड

जुन्या वाड्यात गेलात तर दरवाजाच्या बाहेर उभे राहून बघा. दरवाजाची चौकट काळोखी, चौकात ऊन, पलीकडची ओसरी पुन्हा काळोखी, आणि ओसरीत कुणी बसलं असेल तर त्याच्या चेहऱ्यावर चौकातून परतलेला उजेड. काळोख, उजेड, काळोख अशा तीन खोल्या एका फ्रेममध्ये. इथे लेन्स कुठलीही चालेल, एक्स्पोजर उन्हाचं धरा.

वाडा नसला तर तोरण घ्या. झेंडूचं तोरण लेन्सच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर येऊ द्या आणि फोकस मागच्या माणसावर ठेवा. पुढे केशरी धूसर डाग, मधे शार्प चेहरा, मागे मऊ घर. धूसर पुढेही असू शकतं हे बऱ्याच जणांना खूप उशिरा सुचतं.

फक्त मोबाइल असेल तर

पहिल्या चार पायऱ्यांतलं बरंचसं मोबाइलवर होतं. चेहऱ्यासाठी मागे सरका आणि दोन किंवा तीन एक्सची लेन्स वापरा, बोटांनी ओढून झूम करू नका. अल्ट्रावाइड लेन्स फक्त जवळचं काही दाखवायचं असेल तेव्हाच उघडा. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं ब्लर सॉफ्टवेअर करतं. त्याची पट्टी बहुतेक फोनमध्ये कमी-जास्त करता येते, ती निम्म्यावर आणा आणि केसांच्या कडा मोठ्या करून तपासा. कुरळे केस आणि चष्म्याच्या काड्या इथे हमखास खाल्ल्या जातात.

घरी आल्यावर

फोटो स्क्रीनवर उघडा आणि पुढची वस्तू, कातळ, फूल, तोरण, जे असेल ते, अंगठ्याने झाका. झाकल्यावर फोटो सपाट पडला तर ती वस्तू आपलं काम करत होती. काहीच फरक पडला नाही तर ती उगाच आली होती, पुढच्या वेळी तिच्या आणखी जवळ जा किंवा तिला गाळा. मग फोटो कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावरही पुढचं, मधलं आणि मागचं तीन वेगळ्या छटांत दिसत असेल तर तो ठेवा. तिन्ही एकाच करड्यात मिसळले असतील तर त्याच जागी पुन्हा जा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि या वेळी झूमला हात लावण्याआधी दहा पावलं पुढे-मागे चालून घ्या.